वादी, गुंडी आणि बक्कल

अठराव्या शतकातला मराठी मुलखातला एखादा शिकारी डोळ्यांसमोर आणा. डोक्याला मुंडासं, खांद्यावर तोड्याची लांब बंदूक, कमरेला आवळलेला शेला आणि शेल्याखाली लोंबणारी कातडी पिशवी. इथवर सगळ्यांचं चित्र सारखंच येतं. आता त्या पिशवीच्या झाकणाकडे बघा. ते कशानं बंद केलंय?

बहुतेकांच्या चित्रात तिथे पितळी बक्कल असतं, कारण मालिकांत आणि मिरवणुकांत आपण तेच पाहत आलोय. बाजारात 'ऐतिहासिक' म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांवरही मुद्दाम काळपट केलेलं बक्कल असतं. पण ते नुसतं शोभेचं. पट्टा उचलला की खाली टिच बटण सापडतं. या बटणाचं पेटंट हेरिबर्ट बाउअर नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली घेतलं. पेशवाई बुडून तेव्हा सदुसष्ट वर्षं झाली होती.

हा प्रश्न माझ्या वाट्याला आला तो लासलगावातून. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, पण गावाकडच्या किल्ले भटकणाऱ्या मंडळात अजून माझं नाव आहे. शिवजयंतीला आम्ही एक छोटं प्रदर्शन मांडतो. यंदा एक बंदूकवाला शिकारी पूर्ण पोशाखात उभा करायचा ठरला. बंदुकीची प्रतिकृती एकाने घेतली, कपडे दुसऱ्याने, आणि पिशवी मला दिली, कारण 'तुला बारक्या गोष्टीत डोकं घालायची खोड आहे'. खोड आहे हे खरं. आमच्या धंद्यात प्रोग्राम फुटतो तो बहुधा दोन भाग जिथे जोडले जातात तिथेच, त्यामुळे सांधा दिसला की माझी नजर तिथे अडते.

पिशवी बंद कशी करायची हे आत काय ठेवायचं त्यावर ठरतं, म्हणून आधी आत डोकावू. तोडेदार बंदूक चालवायची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर शिशाची गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. नळीच्या मागच्या अंगाला बारीक भोक असतं, त्यालगतच्या खळग्यात चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक कुटलेली दारू. (वर्तमानपत्रं 'रंजक माहिती' देतात तिच्याशी हिचा संबंध नाही. ही रंजक भुर्रकन जळते.) चाप ओढला की पेटता तोडा, म्हणजे जामगी, त्या रंजकेवर टेकतो आणि बार होतो. तेव्हा शिकाऱ्याजवळ दारूचं शिंग हवं, रंजकेचं धाकटं शिंग हवं, जामगीची गुंडाळी हवी. यातलं काहीच पिशवीत जात नाही. शिंग खांद्यावरून दोरीने लोंबतं, जामगी हाताला किंवा बंदुकीच्या दस्त्याला गुंडाळलेली असते. पिशवीत राहतात त्या गोळ्या, चिंध्या आणि चकमकीचं सामान: पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि ठिणगी धरायला कापूस.

हे नीट लक्षात घेतलं की पिशवीबद्दल बरंच कळतं. शिशाच्या गोळ्या जड असतात, त्यामुळे शिवण मजबूत हवी. त्यांना ओल लागली तरी बिघडत नाही, कापसाला मात्र लागता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही पिशवी एका हाताने उघडली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात पेटत्या जामगीची बंदूक आहे.

आता पुरावा. धातू टिकतो, हस्तिदंत टिकतो, शिंग टिकतं. म्हणून संग्रहालयांत दारूची शिंगं आणि नक्षीदार रंजकदानं बघायला मिळतात. कातडं मात्र आपल्या पावसाळ्यांपुढे टिकत नाही. कसर लागते, बुरशी लागते, कडक होऊन तडकतं. आणि पिशवी टिकलीच तर तिचे बंद आधी गेलेले असतात, कारण रोजची झीज त्यांनाच होते. चित्रांतही फारसं हाती लागत नाही. टॉमस ब्रॉटनने १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. त्यातली चित्रं एका देशी चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. अशा चित्रांत माणसं खरी वाटतात, पोशाख खरे वाटतात, पण कमरेची पिशवी गव्हाच्या दाण्याएवढी असते. तिचा बंद दाखवायला चित्रकाराला एका ठिपक्यापेक्षा जास्त जागाच नसते.

राहिले शब्द. मला वाटतं, मराठीत कातड्यापेक्षा शब्द जास्त टिकले आहेत.

'कसा' हा शब्द घ्या. कमरेला बांधायची पैशांची लांबट पिशवी. फारसी 'कीसा'वरून तो आला, आणि त्याच 'कीसा'चं दुसरं मराठी रूप म्हणजे आपला रोजचा 'खिसा'. म्हणजे आधी पिशवी वेगळी होती, कमरेला बांधायची होती, आणि पुढे तीच कपड्यात शिवली गेली. 'खलिता' म्हणजे मुळात पिशवीच. राजेरजवाड्यांचं पत्र पिशवीत घालून, दोरीने तोंड आवळून, वर लाखेची मोहोर करून जायचं. हळूहळू पिशवीचं नाव पत्रालाच पडलं. 'बटवा' म्हणजे दोन बाजूंनी दोऱ्या ओढून तोंड मिटायचं. 'चंची' म्हणजे पानतंबाखूची घड्यांची पिशवी, गुंडाळायची आणि लांब दोरीचे वेढे द्यायचे. 'कनवट' म्हणजे पिशवीसुद्धा नाही, धोतराच्या काठाची कमरेशी खोचलेली घडी, आणि आपल्याकडचा बहुतेक सगळा खुर्दा शतकानुशतकं तिथेच राहिला. बायकांचा पदराच्या टोकाला गाठीत राहिला. 'गाठीला पैसा असणे' हा वाक्प्रचार म्हणजे आपला बँकेआधीचा सगळा व्यवहार आहे.

या यादीत एकाही वस्तूला धातूचा सांधा नाही. सगळं ओढायचं, वेढायचं, खोचायचं किंवा गाठ मारायचं. अंगातली बाराबंदी सुद्धा बारा बंदांनी बांधायची. सकाळी उठून बारा गाठी मारणाऱ्या माणसाला पिशवीच्या तोंडाला बक्कल हवं असं का वाटेल? आणि गाठींतही फरक होता. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारी, निरगाठ म्हणजे नखं तुटली तरी न सुटणारी. आमच्या लासलगावात कांद्याच्या खळ्यावर गोणीचं तोंड दाभण-सुतळीने शिवणाऱ्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. कोणती गोणी लगेच उघडायची आहे आणि कोणती थेट परदेशी जाणार आहे, हे त्याच्या बोटांना कळतं.

मात्र वर आलेल्या बहुतेक पिशव्या कापडाच्या आहेत, आणि ते योगायोगाने झालेलं नाही. पानसुपारी, पैसा, देवाचा अंगारा कातड्यात ठेवायची सोवळ्याओवळ्याच्या समाजाला चालत नव्हती. कातडं आलं ते कापड जिथे पुरणार नाही तिथे: पाण्याच्या पखालीला, तेला-तुपाच्या बुधल्याला, विहिरीच्या मोटेला, घोड्याच्या सामानाला आणि शिशाच्या गोळ्यांना. म्हणून शिकाऱ्याच्या पिशवीचा बंद कसा होता हे विचारायचं असेल तर बटव्याच्या आधी मोटेकडे आणि बैलाच्या सामानाकडे बघायला हवं. तिथे जोडणी वादीची आहे. वादी म्हणजे कातड्याची कापलेली अरुंद पट्टी. कातड्याला कातड्यानेच बांधायचं, हा तिथला नियम.

शेतकऱ्याच्या घरात याचे नमुने अजून सापडतात. गायीच्या दाव्याला बिरडं असतं: एका टोकाला फासा, दुसऱ्या टोकाला जाड गाठ किंवा लाकडाची खुंटी. गाठ फाशातून तिरकी घातली की अडकते, ओढ बसली की आणखी घट्ट होते, आणि सैल करून तिरकी केली की चटकन निघते. पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधायची जुनी घुंगरमाळ मी मुद्दाम काढून पाहिली. पट्ट्याच्या एका टोकाला चीर, दुसऱ्या टोकाला कातड्याचीच वळलेली गुंडी. एक खिळा नाही की कडी नाही.

ही गुंडी कशी करतात ते सांगण्यासारखं आहे, कारण तिच्यातली हुशारी करून पाहिल्याशिवाय पटत नाही. वीतभर लांबीची पट्टी कापायची, एका बाजूला अंगठ्याएवढी रुंद आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली शेपटी. कातडं भिजवून मऊ करायचं. रुंद भागात रापीच्या टोकाने मधोमध चीर द्यायची, मग तो भाग विडी वळावी तसा घट्ट वळत आणायचा. वळलेल्या सुरळीतून आरपार आरीने वाट करायची आणि शेपटी तीतून ओढून घ्यायची. वाळलं की कातडं आकसतं आणि ही गुंडी लाकडासारखी टणक होते. शेपटी पिशवीच्या अंगाला शिवून टाकायची, झाकणाला चीर किंवा वादीचा फासा ठेवायचा. झालं. लागतं काय, तर रापी, आरी आणि पाणी. बिघडली तर रानात बसून नवी करता येते. घरी मला चौथ्या प्रयत्नात जमली. पहिल्या तीन गुंड्या अजून टेबलावर आहेत, पेपरवेट म्हणून बऱ्या.

वादी-गुंडीची बाजू घ्यायला माझ्याकडे आणखी तीन कारणं आहेत, आणि ती कामाची आहेत.

पहिलं आवाजाचं. लासलगावहून नांदूरमध्यमेश्वर जवळ आहे. गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ आता रामसर यादीत आहे, राज्यातली पहिली. हिवाळ्यात पहाटे तिथे मनोऱ्यावर उभं राहिलं की पाण्यावर हजारो पक्षी असतात आणि माणसं श्वास रोखून असतात. अशात कुणीतरी कॅमेऱ्याच्या बॅगेचं वेल्क्रो उघडतं. चर्रर्र! जवळचे सगळे पक्षी उडतात आणि सगळे त्या माणसाकडे वळून बघतात. शिकाऱ्याची गरज पक्षीनिरीक्षकाहून वेगळी नव्हती, हेतू तेवढा वेगळा. बक्कलाची जीभ टणकन वाजते, कडी खणखणते. काळविटाचे कान त्याहून कमी आवाजाला उभे राहतात. कातड्याची गुंडी कातड्याच्या चिरेतून निघताना काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

दुसरं पावसाचं. सुती दोरी भिजली की फुगते, आणि तिची गाठ इतकी आवळते की सुटत नाही. वादी भिजली की ताणते आणि वाळताना आकसते, म्हणून भिजलेल्या वादीची गाठ वाळली की ती दाताने सोडवावी लागते. म्हणजे आपल्या हवेत रोज उघडायच्या तोंडाला गाठ ठेवणं धोक्याचंच. गुंडी-चिरेत सोडवायची गाठच नसते. जी गाठ आहे ती कायमची, गुंडीच्या पोटात.

तिसरं ठिणगीचं. पोलाद आणि गारगोटी ज्या पिशवीत आहे आणि दारूचं शिंग जिच्याशेजारी लोंबतंय, तिच्यावर लोखंडाची आणखी एक वस्तू कोण मागेल? पितळ चाललं असतं, कारण त्यातून ठिणगी पडत नाही. पण पितळ महाग.

धातूचे सांधे तेव्हा ठाऊकच नव्हते असा याचा अर्थ नाही. घोड्याच्या सामानाला कड्या होत्या, तलवारीच्या पट्ट्याला आकडे होते, आणि एखाद्या सरदाराच्या शिकारी पट्ट्यावर चांदीचं काम असू शकत होतं. आमच्या शेजारचे विंचूरकर जहागीरदार, ज्यांचे विठ्ठल शिवदेव १७६१ ला पानिपतावरून जिवंत परत आले, त्यांच्या शिकारीचं सामान आणि त्याच रानात ससे मारणाऱ्या त्यांच्या कुळाचं सामान एकसारखं असेल असं कुणी म्हणणार नाही. पण आमचा पुतळा सरदाराचा नाही. गावचा साधा बंदूकवाला आम्हाला उभा करायचा होता.

मग बक्कल आलं कुठून? माझ्या मते ते काडतुसाच्या मागोमाग आलं. काडतूस म्हणजे मोजून घातलेली दारू आणि गोळी यांची कागदी सुरळी. शब्द पोर्तुगीज 'कार्तुशो'वरून आला, जसं पिस्तूल आलं, आणि जसं शिंप्याकडचं काजही पोर्तुगीज 'काझा'वरून आल्याचं मानतात. कागदाची सुरळी आली तसा पिशवीचा सगळा विचार बदलला. गोळ्या ढिगात चालतात, काडतुसं ढिगात फाटतात. म्हणून पलटणी सैन्यात लाकडी ठोकळ्याला भोकं पाडून त्यात काडतुसं उभी ठेवत आणि तो ठोकळा कातडी पेटीत बसवत. वरून लांब झाकण, पावसाचं पाणी निथळून जावं असं, आणि खाली ते पट्टीने अडकवलेलं. मराठीत या पेटीला तोस्तान म्हणत. फारसीत 'तोशा' म्हणजे वाटेची शिदोरी, तिचं 'दान' म्हणजे भांडं, कलमदान-पानदानातलं. शिदोरीच्या पिशवीने काडतुसांची पेटी होईपर्यंत प्रवास केला. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी, मग महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने उभ्या केलेल्या पलटणी, मग कंपनीचे शिपाई, असं हे सामान आपल्याकडे रुळत गेलं. शंभर माणसांनी एका हुकुमावर पेटी उघडायची तर शंभर पेट्या एकसारख्या हव्यात. एकसारखेपणा ओतीव धातूला जमतो, हाताने वळलेल्या गुंडीला नाही.

पेशवाई संपल्यावर बक्कल शिपायाच्या कमरेवरून सरकारी कचेरीत शिरलं. पट्टा आणि पितळी बिल्ला घालणारा तो पट्टेवाला. पोलिसाला ओळखायचा आकडा कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलावर असायचा, म्हणून आजही हवालदाराला आपण विचारतो तो 'बक्कल नंबर'. पट्ट्यावरून आकडा कधीचाच गेला, शब्द राहिला. मला यात एक सरळ रेघ दिसते. रयत बंद बांधत होती, सरकार बक्कल लावत होतं. आज आपण शिवकाळातल्या साध्या माणसाच्या कमरेला बक्कल लावतो तेव्हा त्याला नकळत कंपनी सरकारच्या नोकरीत घेतो.

शिकारीतल्या सांध्यांचा मराठी मुलखातला सगळ्यात नाट्यमय नमुना मात्र पिशवीचा नाही. तो चित्त्याच्या डोळ्यांवरच्या टोपीचा आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराज आणि राजाराम महाराजांच्या काळात चित्त्यांकडून काळवीट धरायची शिकार चालत असे, आणि देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर आफ्रिकेतून आणले गेले. चित्त्याला डोळे झाकून गाडीत बसवून कळपाजवळ न्यायचं. ठरलेल्या क्षणी चित्तेवान टोपी काढतो आणि दोर सोडतो. त्या क्षणाला एखादी गाठ अडली तर काळवीट गेलं, आणि चिडलेला चित्ता मात्र हातात राहिला. इथे बंदाची परीक्षा तो किती घट्ट बसतो याची नाही. तो किती लवकर सुटतो याची आहे. पिशवीचंही तेच. कपाटाला कुलूप हवं असतं, शिकाऱ्याच्या पिशवीला हवी असते ती सुटण्याची खात्री.

एवढं सगळं जमवून मी मंडळाच्या बैठकीत मांडलं, आणि एका मित्राने मध्येच विचारलं, "पण आपल्या भागात खरी शिकार करायचं कोण?"

खरंच, कोण? सरदार आणि साहेब हौसेने करत. पोटासाठी करणारे पारधी आणि भिल्ल. फासेपारध्यांचं नावच फासावरून पडलं. तातीचे किंवा वादीचे फास खुंट्यांना बांधून ते वाटेवर मांडायचे आणि हरणांना तिकडे वळवायचं. कातड्याच्या फाशाबद्दल या माणसांना जे कळत होतं ते कुठल्याही शस्त्रागारातल्या माणसाला कळलं नसेल. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, पुढे पारधीही त्या यादीत ओढले गेले. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय राहिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. ती व्हायलाच हवी होती. येवल्याकडे ममदापूरच्या माळावर आज काळविटं दिसतात ती त्यामुळेच. पण शिकारीची जुनी पिशवी सरदाराच्या वाड्यात सापडली तर तो वारसा, आणि पारध्याच्या पालात सापडली तर मुद्देमाल, हा हिशेब मला सरळ वाटत नाही. आमच्या प्रदर्शनात त्या पुतळ्याखाली 'मावळा' लिहायचं की 'पारधी', यावर दोन तास वाद झाला. शेवटी 'शिकारी' लिहिलं. मला ते पळवाटेसारखं वाटतं.

आता पिशवी करायची होती. गुंडी मला जमली होती, पण गोळ्यांचं वजन पेलणारी शिवण जमेना. जवळच्या एका गावात एक म्हातारे गृहस्थ आहेत, बाजारपेठेच्या कडेला चपला दुरुस्त करतात. वडिलांबरोबर त्यांनी मोटा शिवल्या होत्या. इंजिनं आली, मोटा गेल्या, मग चपला. मी कागदावर काढलेलं चित्र पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, चित्र उलटं-सुलटं पाहिलं.

"टिच बटण लावून देतो की भाऊ. दहा मिन्टाचं काम."

"बटण नको, बाबा. वादीची गुंडी हवी. शिवाजी महाराजांच्या वेळी बटण नव्हतं."

"महाराजांच्या वेळी आम्ही वेशीबाहेर होतो," ते म्हणाले. "तेबी करायचं का परत?"

ते हसत हसत म्हणाले. मला लगेच हसता आलं नाही.

त्यांचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. मेलेलं जनावर ओढणं, सोलणं, कातडं कमावणं, शिवणं ही कामं गावगाड्याने वेगवेगळ्या जातींवर लादली आणि त्याच कामासाठी त्यांना अस्पृश्य ठेवलं. चुना आणि बाभळीच्या सालीच्या कुंडांत हात घालणारा ढोर, रापी चालवणारा चांभार. आणि त्या कातड्याचा जोडा घालणारा मात्र शुद्ध. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायचं आवाहन केलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली ती येवल्यात, लासलगावहून गाडीने तासाभराच्या आत. पुढे अनेक घरांनी जनावरं ओढायचं काम टाकलं. ते काम सुटणं ही त्या घरांची मिळकत होती, आणि त्याबरोबर काही कसब गेलं असेल तर त्याचा शोक करायला आम्ही शेवटचे लोक असायला हवं. कसब जपायचं असं सहज म्हणताना ते कुणाच्या पाठीवर जपायचं, हे आम्ही विचारत नाही.

आणि जपायचं ठरवलं तरी कातडं कुठलं? मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. जाड, घट्ट कातडं परराज्यातून येतं आणि महाग पडतं. कोल्हापुरी चपलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती शिवणाऱ्याला कातडं मिळवायची चिंता तशीच आहे. आमच्या बाबांकडे म्हशीच्या कातड्याचा एक जुना तुकडा होता, तोच त्यांनी वापरला.

पिशवी त्यांनी तीन दिवसांत दिली. माझी गुंडी त्यांनी हातात घेऊन बघितली आणि आरीच्या टोकाने उकलून टाकली. "सुरळी उलटी वळली तुम्ही. मऊ बाजू भाईर आली. झिजंल." मग स्वतः वळली, दातांत शेपटी धरून ओढली, आणि वर एक गोष्ट केली जी मला कुठल्याच शब्दात किंवा चित्रात सापडली नव्हती. झाकणाची चीर त्यांनी सरळ कापली नाही. टोकाला गोल भोक पाडलं आणि तिथून वर अरुंद चीर नेली, किल्लीच्या भोकासारखी. गोल भोकातून गुंडी सहज आत जाते, झाकण खाली ओढलं की ती चिरेत सरकून अडकते. भोक गोल असल्यामुळे कातडं तिथून पुढे फाटतही नाही. विमानाच्या पत्र्यातली तडा पुढे जाऊ नये म्हणून तिच्या टोकाला भोक पाडतात, हे आम्हाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. त्यांना विचारलं, हे कुठे शिकलात? "मोटेच्या तोंडाला असंच कापायचं बाप," ते म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चप्पल हातात घेतली.

म्हणून मी आता एवढंच खात्रीने म्हणेन: किल्लीच्या भोकाची चीर आणि वळलेली गुंडी ही मराठी कातडकामाची पद्धत आहे, निदान मोटेच्या काळापासूनची. शिकाऱ्याच्या पिशवीला ती होतीच असं सिद्ध करायला पिशवी लागेल, आणि ती मातीत मिळाली. पण ज्या कारागिराने मोट शिवली त्याच्याकडेच गावचा बंदूकवाला पिशवी शिवायला जाणार. दुसरीकडे जाणार कुठे?

प्रदर्शनातल्या पाटीवर शिवणाऱ्याचं नाव घालायचं असं मंडळात ठरलं. बाबांना विचारलं तर नको म्हणाले. पैसे किती, तर त्यांनी दोन चपलांच्या दुरुस्तीएवढे सांगितले. आम्ही बाजारातल्या त्या टिच बटणवाल्या पिशवीची किंमत दिली, तेव्हा नोटा त्यांनी दोनदा मोजल्या. आता मंडळातल्या आणखी चौघांना तशा पिशव्या हव्या आहेत, मोबाइल ठेवायला. बाबांचा निरोप आला आहे की देतो, पण पावसाळ्यानंतर, आणि गुंडीच हवी असेल तर कातडं तुम्ही आणून द्या.